सिग्नलला बंद पडणारी पद्मिनी: कार्बोरेटर उघडण्याआधी आणि उघडल्यावर

वडिलांची १९८७ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली तेव्हा तिला एकच खोड होती. गार असताना पहिल्या सेल्फला चालू व्हायची, रस्त्यावर बरी पळायची. पण वीस-पंचवीस मिनिटं झाली की सिग्नलला दोन आचके देऊन बंद. पहिल्या गॅरेजमध्ये कार्बवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्बोरेटरवर, बोट ठेवलं: "कार्बमध्ये कचरा आहे." उघडलं, धुतलं, बसवलं. चार दिवस बरी चालली. दुसऱ्या ठिकाणी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, बदललं. तिसऱ्याने स्लो, म्हणजे पाय न देता इंजिन फिरण्याचा वेग, वाढवून दिला. त्यानंतर पेट्रोलचा वास यायला लागला आणि अ‍ॅव्हरेज पडलं. शेवटी घरी एकेक गोष्ट वेगळी करून तपासली तेव्हा उलगडा झाला. मूळ दोष डेल्कोमधल्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या) कंडेन्सरचा होता. तो तापला की ठिणगी मंदावायची. पण तोवर कार्ब तीनदा उघडून दर वेळी आधीपेक्षा जास्त आवळला गेला होता. त्यामुळे त्याचा बुडाचा फ्लँज (इंजिनवर टेकणारी सपाट कड) वाकला होता आणि तिथून इंजिन हवा ओढत होतं. नसलेला दोष काढायला गेलेल्या हातांनी खरा दोष तयार करून ठेवला होता.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: कार्ब सगळ्यात शेवटी. जुन्या गाडीत 'कार्बचा प्रॉब्लेम' म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं पुष्कळसं इग्निशनचं (ठिणगीचं), पेट्रोल पोचण्याचं किंवा हवा शिरण्याचं असतं. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. रोज पद्मिनीवरचे सोलेक्स बनावटीचे कार्ब उघडणारे हातही आता कमी होत चाललेत. म्हणून ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना एवढं स्वतःला यायला हवं असं मला मनापासून वाटतं. उदाहरण पद्मिनीचं घेतलंय, म्हणजे १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर एकच सोलेक्स. पण क्रम कुठल्याही कार्बवाल्या गाडीला लागू पडतो.

सुरुवातीला दोन गोष्टी

काम मोकळ्या जागेत करा. पार्किंगच्या तळघरात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा आणि पेट्रोलचा पाइप सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. फक्त ज्या तपासणीत सेल्फ मारायचा आहे तिथे ती परत जोडावी लागेल.

रस्त्यावर एक प्रकार सर्रास दिसतो: एकजण बाटलीने कार्बच्या तोंडात पेट्रोल ओततो आणि दुसरा सेल्फ मारतो. हे कधीही करू नका. इंजिनने उलट फट् केलं की ज्वाळा कार्बच्या तोंडातून वर येते, आणि वर हात आणि बाटली दोन्ही असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. गाडी नेमकी कधी बिघडते ते लिहा. गार असताना की तापल्यावर? स्लोवर की पाय दिल्यावर? सपाटीला की घाटात? वीस मिनिटं चालवून पाच मिनिटं उभी केल्यावर? हे नीट लिहिलं तर अर्धं निदान तिथेच होतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. स्क्रू फिरवला, प्लगही बदलले, फिल्टरही टाकला आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पायरी १: चोकला विचारा

ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, हत्यार लागत नाही. इंजिन चालू असून मिसिंग मारत असेल तेव्हा चोक (गार इंजिनला जादा पेट्रोल देणारा डॅशबोर्डचा खटका) हळूच पाव-अर्धा ओढा. गाडी सुधारली, तर मिश्रण लीन आहे: पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. गाडी आणखी गुदमरली, काळा धूर आला, तर मिश्रण आधीच रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. आणि काहीच फरक पडला नाही, नुसती तशीच अडखळत राहिली, तर बहुधा इग्निशनकडे बघायचं आहे.

सोबत प्लग काढून बघा. चारही प्लगवर कोरडी काजळी असेल तर रिच. चारही पांढरे फटफटीत असतील तर लीन. तीन चांगले आणि एकच काळा किंवा ओला असेल, तर कार्बला दोष देऊ नका. चार सिलिंडरना एकच कार्ब पेट्रोल पुरवतो. तो एकट्यावर राग काढत नाही. त्या सिलिंडरचा प्लग, वायर, टॅपेट, कॉम्प्रेशन बघा.

पायरी २: ठिणगी

डेल्कोचं झाकण काढा. आतून बारीक काळी रेघ, तडा, दमटपणा आहे का ते उजेडात फिरवून बघा. पावसाळ्यात माझ्याकडच्या निम्म्या तक्रारी नुसत्या कोरड्या फडक्याने मिटल्यात. पॉइंट (डेल्कोतले उघडझाप करणारे दोन संपर्क) निळसर पडले असतील, एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा आला असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्या. पॉइंटचं अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, प्लगचं साधारण ०.६, तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जे असेल ते प्रमाण माना.

कॉइलची (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या डब्याची) मधली जाड वायर डेल्कोतून काढून, इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोलचा थेंब नको. निळी, कडक, टक्-टक् वाजणारी ठिणगी हवी. पिवळी आणि नरम असेल तर कार्बपर्यंत जायचंच कारण नाही.

आणि महत्त्वाचं: तक्रार तापल्यावरची असेल तर ठिणगीही तापल्यावरच तपासा. माझ्या गाडीचा कंडेन्सर सकाळी गार असताना उत्तम ठिणगी द्यायचा. तीन गॅरेजमध्ये तो 'ओके' ठरला तो त्यामुळेच.

पायरी ३: पेट्रोल कार्बपर्यंत पोचतंय का

आधी टाकीचं झाकण. त्याचं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर पेट्रोल येणं थांबतं. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा. 'सुस्स्' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर चोर सापडला.

मग पंप. या गाडीत इंजिनच्या कॅमवर चालणारा डायफ्रामचा, म्हणजे लवचिक पडद्याचा, पंप असतो, गॅरेजच्या भाषेत एसी पंप (वातानुकूलनाशी संबंध नाही). कॉइलची बारीक वायर काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारायला लावा. ठरावीक तालात जोरदार पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. नुसती ओघळ येत असेल, किंवा बुडबुडे असतील, तर पंपाच्या आधीचा पाइप हवा घेतोय, फिल्टर तुंबलाय किंवा डायफ्राम गेलाय.

डायफ्राम फाटला असेल तर आणखी एक धोका असतो. पेट्रोल पंपातून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी चालवू नका. पंप दुरुस्त करून ऑइल बदला, मगच किल्ली फिरवा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि तो खर्च दहा कार्बच्या खर्चाएवढा असतो.

पायरी ४: हवा कुठून शिरतेय

स्लोवर इंजिन चालू ठेवून कार्बच्या बुडाशी कान न्या. टाय, गळ्यातला मफलर, सैल बाही आणि पंखा यांचं भान ठेवून. बारीक फुसफुस ऐकू येते का बघा. मग स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी कार्बच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या (कार्बमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळाच्या) जोडावर, व्हॅक्यूमच्या रबरी पाइपांवर थोडं थोडं मारा. डेल्को आणि वायरी वाचवून. पाणी पडताक्षणी इंजिनचा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. पुष्कळजण यासाठी कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारतात. त्याने निदान जलद होतं हे खरं, पण खाली तापलेला सायलेन्सरचा पाइप असतो. मी पाणीच वापरतो.

थ्रॉटलचा (पाय दिल्यावर उघडणाऱ्या पाकळीचा) दांडाही हलवून बघा. चाळीस वर्षं फिरून त्याची भोकं झिजतात आणि दांडा वर-खाली खेळायला लागतो. तिथून शिरणारी हवा कुठल्याही स्क्रूने भरून निघत नाही. त्याला नवीन बुश बसवावे लागतात. हे काम लेथवाल्याचं.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, आणि तक्रार तशीच आहे? आता कार्ब.

पायरी ५: उघडताना

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा: स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, चोकची तार कशी वळलीय. खाली पांढरा कपडा अंथरलेला ट्रे ठेवा. वरचं झाकण एकदम झटकून काढू नका, पॅकिंग फाटतं.

झाकण निघाल्यावर लगेच फ्लोटच्या वाटीतलं (कार्बमधल्या साठ्यातलं) पेट्रोल ओतून टाकायची घाई करू नका. टॉर्च मारून तळ बघा. पाण्याचे थेंब असतील तर ते पेट्रोलखाली गोल गोल मण्यांसारखे पडलेले दिसतात, बोटाने ढकलले तर सरकतात, मिसळत नाहीत. तपकिरी गाळ म्हणजे टाकीतला गंज. पांढरट, पिठासारखा थर म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं अंग ओलाव्याने खाल्लं जातंय. लाखेसारखा पिवळा चिकट पापुद्रा म्हणजे जुनं, सुकलेलं पेट्रोल. वाटी धुतली की हा सगळा पुरावा जातो, म्हणून आधी त्याचा फोटो घ्या. गाळ टाकीतून येत असेल तर नुसता कार्ब धुवून महिनाभरही टिकणार नाही.

फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह. फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा; वाटी भरली की तो नीडल व्हॉल्व्ह बंद करतो. फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ आवाज आला तर त्याला भोक आहे आणि तो जड होऊन बुडतोय. पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील ती जागा. नीडलच्या टोकावर नख फिरवा. गोल कडं पडलेलं नखाला लागलं तर व्हॉल्व्ह संपला. पेट्रोल ओव्हरफ्लो होणं, बंद करून परत चालू करताना गुदमरणं, सतत वास येणं, ही सगळी लक्षणं इथून येतात. नीडल व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक जोडीनेच बदला. बैठकीखालचा वॉशर जपून ठेवा. सोलेक्समध्ये वाटीतली पेट्रोलची पातळी त्या वॉशरच्या जाडीवर ठरते. जाड घातला तर पातळी खाली जाते, पातळ घातला तर वर येते. 'कुठलाही चालतो' म्हणून बदललेल्या या वॉशरने अनेकांना महिनोन् महिने नाचवलंय.

जेट. प्रत्येक जेट उजेडाकडे धरून आरपार बघा. भोक पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यावर कोरलेला आकडा वहीत लिहून घ्या. सोलेक्सच्या जेटवर १२० असेल तर भोक साधारण १.२० मिलिमीटर. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि कंप्रेसरची हवा मारा, डोळ्यांना चष्मा लावून. तार, टाचणी, स्टोव्हची पिन काही घालू नका. पितळ मऊ असतं; एक ओरखडा पडला की भोकाचं माप बदललं आणि त्यानंतर तुमचं कुठलंच ट्यूनिंग खरं उरत नाही. गाडी स्लोवर बंद पडते पण पाय दिला की चालते, तर स्लोचं पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटवर लक्ष द्या. तो सगळ्यात बारीक, म्हणून सगळ्यात आधी बुजतो. उलट स्लो छान, पण साठच्या पुढे दम तोडते, तर मेन जेट आणि त्याच्यावरची इमल्शन ट्यूब बघा. ट्यूबची आडवी भोकं एकेक करून मोकळी झाली पाहिजेत.

अ‍ॅक्सिलरेटर पंप. पाय दिल्याबरोबर गाडी क्षणभर मरते आणि मग उचलते, ही तक्रार बहुतेकदा याची. कार्ब गाडीवर असताना, इंजिन बंद ठेवून, वरून आत बघत थ्रॉटल हाताने उघडा. त्याच क्षणी पेट्रोलची सरळ, सलग धार पडली पाहिजे. उशिरा, तुटक किंवा काहीच नाही, म्हणजे डायफ्राम कडक झाला आहे किंवा नळी बुजली आहे.

चोक. अनेक जुन्या सोलेक्समध्ये चोकची पाकळी नसते. बाजूला फिरती चकती असते आणि ती गार इंजिनसाठी वेगळ्या वाटेने जादा पेट्रोल सोडते. डॅशबोर्डचा खटका पूर्ण आत ढकलला तरी तार अडकून चकती थोडी उघडी राहते. मग माणूस मेन जेट बदलत बसतो आणि पेट्रोल भलतीकडूनच येत राहतं. तार सोडून, चकतीचा हात बोटाने पूर्ण मागे नेऊन बघा.

फ्लँज. उघडलेला कार्ब जाड काचेवर उभा ठेवा. डुगडुगला किंवा खालून उजेड दिसला तर वाकलाय. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून, कार्ब सरळ धरून इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा घासा. घाई केली तर तिरका घासला जातो. माझ्या कार्बला या कामाला दीड तास लागला. बसवताना नवीन पॅकिंग घाला, सिलिकॉन नको. ते पेट्रोलने सुटतं आणि तुकडे आत जातात. नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. मॅनिफोल्ड आणि कार्बमधला जाड उष्णतारोधक तुकडा विसरू नका. तो नसला तर खालची धग सरळ वाटीतल्या पेट्रोलला लागते.

पायरी ६: ट्यूनिंग

इंजिन पंधरा मिनिटं चालवून पूर्ण तापवा, चोक पूर्ण बंद, एअर फिल्टर जागेवर. बुडाशी असलेल्या मिश्रणाच्या स्क्रूला गॅरेजमध्ये 'एअर स्क्रू' म्हणतात, पण या कार्बमध्ये त्यातून पेट्रोलमिश्रित हवा जाते. म्हणून तो आत फिरवला की लीन होतं, बाहेर काढला की रिच. इंजिन बंद असताना तो हलक्या हाताने पूर्ण आत न्या. जोर लावला तर टोकाला कडं पडतं. तिथून दीड फेरा बाहेर. इंजिन चालू करून पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबत, इंजिन सर्वांत जलद आणि गुळगुळीत चालेल ती जागा शोधा. मग थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो खाली आणा, परत मिश्रण, परत स्लो. दोन-तीन फेऱ्यांत जमतं.

स्क्रू पूर्ण आत नेऊनही इंजिनला काही फरक पडत नसेल, तर स्लोचा रस्ता बुजलेला आहे किंवा थ्रॉटलची पाकळी जास्त उघडी आहे. तिसऱ्या गॅरेजने 'स्लो वाढवून' नेमकं हेच करून दिलं होतं.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा काटा) असेल तर समुद्रसपाटीला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर काटा हवा. उंचीच्या दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी धरा, म्हणजे पुण्यात पावणेदोन इंचांची सूट. त्याच कारणाने मुंबईत ट्यून केलेली गाडी सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला थोडी रिच आणि सुस्त वाटते. तो बिघाड नाही, हवाच विरळ आहे. तिथे स्क्रूला हात लावू नका.

शेवटी पीयूसी केंद्रावर जा आणि कागदावरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा वाचा. बीएस-२ या धुराच्या मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा ३ टक्के आहे. माझी गाडी दीड ते अडीचच्या दरम्यान सगळ्यात समाधानी असते. थोडक्या पैशांत गॅस अ‍ॅनालायझर वापरायला मिळतो, याचा फायदा फार थोडे लोक घेतात.

उन्हाळ्यातलं बंद पडणं

एप्रिल-मेमध्ये घाट चढून चहाला थांबलात आणि नंतर गाडी चालूच होईना, तर दोन शक्यता असतात. वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलं असेल तर वास येतो. अशा वेळी चोक न ओढता पाय पूर्ण दाबून, वर-खाली न करता, सेल्फ मारा. वास अजिबात नसेल तर पाइपात किंवा पंपात वाफ अडकली आहे. बोनेट उघडून वीस मिनिटं थांबा, पंपावर ओलं फडकं गुंडाळा. टॅक्सीवाल्यांचा हा जुना उपाय शास्त्राला धरून आहे: गार झालं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. पण आधी ठिणगी तपासा. तापलेली कॉइलही हुबेहूब असंच करते.

मारुती ८००च्या कार्बवर एक गोष्ट जादा: पेट्रोल बंद करणारा छोटा सोलेनॉइड. किल्ली ऑन केल्यावर 'टिक्' असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर गाडी स्लोवर उभी राहणार नाही, आणि दोष एखाद्या निघालेल्या वायरचा असू शकतो.

आताच्या पेट्रोलबद्दल

ई२०मध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप थोडी लीन चालते. वर सांगितलेलं सगळं तपासूनही ओढ देताना अडखळत असेल आणि प्लग पांढरे असतील, तर मेन जेट एक माप मोठं लावून बघणं रास्त आहे. तेही सगळं झाल्यावर. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं, म्हणून पहिल्या काही टाक्यांत फिल्टर दोन-तीनदा बदलावा लागतो. जुने रबरी पाइप त्याने फुगतात आणि मऊ पडतात. इथेनॉल चालतं असं छापलेले पाइपच घ्या. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसकडे दुकानदाराला तसं सांगून मागा.

इथेनॉल ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि पंप नेमकं तिथलंच ओढतो. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, आणि महिन्याहून जास्त राहणार असेल तर गार असताना टाकीकडून पंपाला येणारा पाइप सोडून, त्याचं तोंड बंद करून, इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी होईल.

परत चालू करायच्या दिवशी बोनेट उघडंच ठेवा. पाइप जोडा, सेल्फ मारून वाटी भरू द्या आणि किल्ली बंद करून प्रत्येक जोडावरून, क्लॅम्पखालून कोरडं बोट फिरवा. बोट ओलं लागलं तर त्या दिवशी गाडी चालू करायची नाही.